ट्रॅकवरची हौस, परदेशातला अपघात आणि घरची जबाबदारी

वृद्धांच्या व त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या या सदरात मोटारसायकलीचा विषय पाहून काही वाचक चकित होतील. परंतु ब्रिटनमध्ये मोटारसायकलची हौस पन्नाशी-साठीतही सुटत नाही. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले, हाती थोडा पैसा आणि मोकळा वेळ आला की तरुणपणी राहून गेलेली इच्छा डोके वर काढते. हिवाळ्यात इंग्लंडमधील रस्ते ओलसर असतात व दिवस लहान असतो. अशा वेळी तेथील हौशी चालक आपल्या गाड्या ट्रकने स्पेन-पोर्तुगालला पाठवतात, स्वतः विमानाने जातात आणि हेरेस, कार्ताहेना, अल्मेरिया किंवा पोर्तिमाँव येथील ट्रॅकवर दोन-तीन दिवस मनसोक्त गाडी चालवून परततात. यालाच ‘ट्रॅक डे’ म्हणतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, जावई, भाऊ किंवा व्याही आज ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला ही हौस असणे मुळीच अशक्य नाही.

प्रश्न हौशीचा नाही, तिच्या पाठीशी काय आहे याचा आहे. चालक पडला तर हाड त्याचे मोडते. पण पुढचे सहा महिने पत्नीचे, मुलांचे आणि पुष्कळदा म्हाताऱ्या आईवडिलांचे जातात. ‘माझा विमा आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. या विशिष्ट प्रसंगी ते कितपत खरे असते, याचा विचार आज करू.

शर्यत नव्हे, तरीही धोका

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तेथे क्रमांक लावले जात नाहीत व बक्षिसेही नसतात. सकाळी सर्वांना नियम समजावून सांगितले जातात, चालकांचे नवखे, मध्यम आणि वेगवान असे गट केले जातात आणि प्रत्येक गटाला ठरावीक वेळ ट्रॅक मिळतो. समोरून येणारी वाहने नाहीत, पादचारी नाहीत, विजेचे खांब नाहीत आणि रुग्णवाहिका जवळच उभी असते. म्हणून रस्त्यापेक्षा ट्रॅक बरा, असे चालक सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तथापि विमा कंपनीचा हिशेब निराळा असतो. रस्त्यावर जो वेग बेकायदा ठरतो, तो येथे दिवसभर आणि मुद्दाम गाठला जातो. त्यामुळे ‘ही शर्यत नव्हती’ एवढे सांगून दावा मंजूर होत नाही. बहुतेक विमापत्रांच्या अपवादांमध्ये शर्यतीबरोबरच वेगचाचणी, ट्रॅकवरील वापर आणि मोटार-क्रीडा हे शब्दही छापलेले असतात.

तीन कागद, तीन पोकळ्या

इंग्लंडहून स्पेनला निघालेल्या चालकाजवळ साधारणपणे तीन कागद असतात आणि तिन्हींच्या भरवशावर घरचे निश्चिंत असतात.

पहिला कागद मोटारसायकलच्या विम्याचा. हा विमा रस्त्यासाठी असतो. युरोपात गाडी नेण्याची मुभा त्यात असली, तरी गाडी ट्रॅकच्या फाटकातून आत गेली की बहुतेक विमापत्रांचे संरक्षण तेथेच थांबते. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचे उदाहरण बोलके आहे. त्याचा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा जुना मार्ग ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही वापरता येतो. त्या वेळी तेथे रस्त्याचे वाहतूक नियम लागू असतात, म्हणून ‘हा तर रस्ताच आहे’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कित्येक कंपन्यांनी तो मार्ग नाव घेऊन वगळलेला असतो. जागा कायद्याने काय आहे यापेक्षा विमापत्रात काय लिहिले आहे, ते शेवटी महत्त्वाचे ठरते.

दुसरा कागद प्रवास विम्याचा. त्यात आजारपण, चोरी, रद्द झालेले विमान हे सारे असते. मात्र धोकादायक खेळांच्या यादीत ट्रॅकवरील मोटारसायकल बहुधा ‘वगळलेले’ या रकान्यात असते. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती समाविष्ट करतात. तसे असेल, तर विमापत्रावर तो उल्लेख स्पष्ट शब्दांत हवा. ‘साहसी खेळ समाविष्ट’ हे मोघम शब्द पुरेसे नाहीत, कारण पाण्यातील खेळ, डोंगरातील चालणे आणि ट्रॅकवरील मोटारसायकल यांना एकच जोखीम कोणी मानत नाही.

तिसरा कागद ब्रिटनमधील रहिवाशांना विनामूल्य मिळणारे आरोग्यपत्र, म्हणजे २०२१ पासून दिले जाणारे ‘ग्लोबल हेल्थ इन्शुरन्स कार्ड’. नावात ‘इन्शुरन्स’ असले तरी तो विमा नव्हे. त्यामुळे स्पेनसारख्या देशात तेथील नागरिकाला सरकारी रुग्णालयात ज्या अटींवर आवश्यक उपचार मिळतात, त्याच अटींवर ते पाहुण्यालाही मिळतात. ही सवलत मोलाची आहे. परंतु खासगी रुग्णालयाचे बिल, रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च, सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाचे राहणे-खाणे यांपैकी काहीच त्यात येत नाही. घाईत जवळच्या खासगी रुग्णालयात नेले गेले, तर हे कार्ड तेथे निरुपयोगी ठरते.

शिडीवरून पडलेला शेतमजूर

‘दुसऱ्याची चूक असेल तर त्याचा विमा भरपाई देईल’ असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. रस्त्यावर तो बराचसा खरा आहे. ट्रॅकवर तो टिकत नाही. असे का, हे कळण्यासाठी युरोपातील एक खटला पाहण्याजोगा आहे.

२००७ मध्ये स्लोव्हेनियात एका शेतावर गवताचे गठ्ठे माळ्यावर चढवले जात होते. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का शिडीला लागला आणि तीवर उभा असलेला मजूर खाली पडला. अपघात रस्त्यावर झालेला नव्हता, खासगी आवारात झाला होता. मग वाहनाच्या सक्तीच्या विम्यातून त्याला भरपाई मिळावी काय? युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला की, वाहनाचा त्याच्या नेहमीच्या कार्याशी सुसंगत असा कोणताही वापर सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येतो. या निर्णयाने मोटार-क्रीडेचे सारे क्षेत्र हादरले, कारण त्या न्यायाने ट्रॅकवरील प्रत्येक चालकालाही सक्तीचा विमा घ्यावा लागला असता आणि एवढी जोखीम पत्करायला कंपन्या तयार नव्हत्या.

पुढे युरोपीय संघाने २०२१ च्या निर्देशाने बंदिस्त जागेतील मोटार-क्रीडेला या सक्तीतून वाट करून दिली. मात्र आयोजकाने पर्यायी विमा घ्यावा, अशी अट घातली. त्या पर्यायी विम्यात प्रेक्षक व इतर त्रयस्थांना झालेली हानी आली पाहिजे. भाग घेणारे चालक आणि त्यांची वाहने त्यात आलीच पाहिजेत असे नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्या निर्णयाचा परिणामच आपल्यापुरता दूर केला.

सामान्य कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ आहे. ट्रॅकवर मागून येऊन कोणी धडकले, तरी त्याच्याकडून किंवा त्याच्या विम्याकडून भरपाई मिळेलच याची हमी नाही. शिवाय प्रत्येक चालकाने सकाळीच धोका मान्य असल्याच्या कागदावर सही केलेली असते. जे संरक्षण हवे, ते स्वतःच घेऊन जावे लागते.

मग कोणता विमा हवा?

एकाच विमापत्रात सर्व काही मिळत नाही, म्हणून प्रत्येक गरज वेगळी मोजावी.

पहिली आणि सर्वांत मोठी गरज उपचार व मायदेशी परतण्याच्या खर्चाची. पाठीच्या कण्याला इजा झालेला रुग्ण साध्या आसनावर बसून येऊ शकत नाही. प्रवासी विमानातील अनेक आसने काढून स्ट्रेचर बसवावे लागते, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका लागते. प्रकृती नाजूक असेल तर स्वतंत्र हवाई रुग्णवाहिका लागते. हा खर्च बेताच्या बचतीला झेपणारा नसतो. विमा घेताना बाकी काही काटछाट करावी, येथे करू नये.

दुसरी गरज वैयक्तिक अपघात विम्याची. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम देणारा हा विमा असतो. ‘कायमचे अपंगत्व’ याची व्याख्या मात्र वाचून घ्यावी. काही विमापत्रांत स्वतःचा व्यवसाय करता न येणे पुरते; काहींत कोणतेही काम करता न येणे अपेक्षित असते. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिसरी गरज बुडालेल्या उत्पन्नाची. ब्रिटनमध्ये नोकरदाराला कायद्याने मिळणारे आजारपणाचे वेतन अधिकाधिक २८ आठवडे मिळते आणि ती रक्कम बेताचीच असते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला तेही नाही. निवृत्त माणसाचे उत्पन्न बुडत नाही, पण त्याची शुश्रूषा करण्यासाठी सुनेला किंवा मुलीला नोकरीतून रजा घ्यावी लागली, तर तो खर्च कोणत्याच विम्यात लिहिलेला नसतो. त्यासाठी घरातच तजवीज असावी.

गाडीचे नुकसान ही चौथी बाब. ट्रॅकवरील गाडीचा विमा मिळतो, पण त्यात सुरुवातीची मोठी रक्कम चालकाने स्वतः सोसायची असते. वाहतुकीत ट्रकवर झालेले नुकसान बहुधा वेगळे धरले जाते. गाडी तेथे भाड्याने घेतली असेल, तर अनामत रकमेची अट पाहावी. खरे सांगायचे तर गाडी मोडली तर दुःख होते, संसार मोडत नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी शरीरासाठी खर्च व्हावेत.

वय, औषधे आणि लपवलेली गोष्ट

साठीनंतरच्या चालकासाठी काही बाबी अधिक गंभीर आहेत. मोटारसायकलवरून पडताना हात टेकला जातो किंवा खांद्यावर आपटणे होते. म्हणून कॉलरबोन, मनगट आणि बरगड्या मोडण्याचे प्रकार नेहमीचे. वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात आणि सांधायला वेळ लागतो. हृदयविकार किंवा अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. अशा रुग्णाला ‘मी बरा आहे’ असे वाटले, तरी तपासणीवाचून सोडू नये. औषधांची यादी चालकाच्या खिशात आणि सोबत्याच्या फोनमध्ये असलीच पाहिजे. आपल्या प्रकृतीला हा खेळ झेपेल काय, हे नेहमीच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे.

विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका, झालेली शस्त्रक्रिया हे सारे सांगावे. विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची वाजवी काळजी ग्राहकाने घ्यावी, असे ब्रिटनचा २०१२ चा कायदा सांगतो. हप्ता चार पैशांनी वाढेल म्हणून मधुमेह लपवला आणि पुढे दाव्याच्या वेळी दवाखान्याच्या नोंदीतून तो उघड झाला, तर कमी पैसे मिळतात किंवा दावाच फेटाळला जातो. अनेक वार्षिक प्रवास विम्यांना वयाची मर्यादा असते. गेल्या वर्षीचे विमापत्र आपोआप नूतन झाले, म्हणून यंदाही तेच संरक्षण आहे असे गृहीत धरू नये.

परतीचा प्रवास हाही वैद्यकीय प्रश्नच आहे. नुकतेच पूर्ण प्लॅस्टर घातलेला हात किंवा पाय विमानात सुजू शकतो. म्हणून दोन तासांच्या आतील प्रवासासाठी साधारण २४ तास आणि त्याहून लांबच्या प्रवासासाठी ४८ तास थांबण्याची अट विमान कंपन्या बहुधा घालतात. बरगडी मोडून फुप्फुसाला इजा झाली असेल आणि छातीच्या पोकळीत हवा साठली असेल, तर विमानातील कमी दाबाने ती हवा प्रसरण पावते. अशा रुग्णाला फुप्फुस पूर्ववत होईपर्यंत उडण्याची परवानगी मिळत नाही. म्हणजे रुग्णालयातून सुटी मिळाली, तरी परक्या गावी आणखी काही दिवस किंवा आठवडे राहावे लागते. सोबत्याच्या राहण्याचा खर्च विम्यात आहे काय, हा प्रश्न अशा वेळी फार मोठा होतो.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

पुणे-मुंबईहूनही आता काही हौशी चालक मलेशियातील सेपांग, थायलंडमधील बुरीराम किंवा युरोपातील ट्रॅकवर जातात. त्यांच्या घरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भारतातील मोटार विमा भारताच्या हद्दीपुरता असतो आणि तो शेजारच्या काही देशांपुरताच जादा हप्ता भरून वाढवता येतो. शिवाय त्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी मुळातच वगळलेली असते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो विमा व्हिसाची अट पुरी करतो; ट्रॅकवरील अपघात त्यात येतोच असे नाही, बहुधा येत नाही. ‘व्हिसा मिळाला, म्हणजे विमा झाला’ हा निष्कर्ष घातक आहे. दावा फेटाळला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ब्रिटनमध्ये असे काम ‘फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस’ ग्राहकाकडून पैसे न घेता करते.

निघण्यापूर्वी घरात विचारायचे प्रश्न

घरातील कोणी निघाले, की उपदेश करण्यापेक्षा पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत. वडीलधाऱ्यांना हे सहज जमते. ‘बाबा रे, जाऊ नकोस’ म्हटले की मुलगा तोंड फिरवतो. ‘अरे, पडलास तर आम्ही कोणाला फोन करायचा, तेवढे लिहून ठेव’ म्हटले की तो बसतो.

१. विमापत्रावर ‘ट्रॅकवरील मोटारसायकल’ हे शब्द आहेत काय? नसल्यास कंपनीकडून तसे लेखी उत्तर घेतले आहे काय? फोनवरचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी कामी येत नाही.

२. देश, तारखा आणि ट्रॅकचे नाव कंपनीला कळवले आहे काय? शिकवणीचा वर्ग, वेळ मोजणे किंवा स्पर्धा यांबद्दल वेगळी अट आहे काय?

३. कंपनीचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक घरी आहे काय? मोठा उपचार किंवा स्थलांतर करण्यापूर्वी कंपनीला कळवण्याची अट बहुतेक विमापत्रांत असते.

४. चालकाचे पूर्ण नाव, रक्तगट, आजार, औषधे, ॲलर्जी आणि डॉक्टरांचे नाव एका कागदावर आहे काय? त्याची एक प्रत सोबत्याकडे दिली आहे काय?

५. मृत्युपत्र, बँकेतील वारसाची नोंद आणि वैद्यकीय निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे, हे ठरले आहे काय?

६. सहा आठवडे अंथरुणावर राहावे लागले, तर घरात कोण असेल?

अपघात घडलाच, तर युरोपीय संघात ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. ट्रॅकवर वैद्यकीय पथक असतेच. सोबत्याने रुग्णालय सरकारी की खासगी, हे लगेच विचारावे, आरोग्यपत्र दाखवावे, विमा कंपनीला फोन करून संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा आणि प्रत्येक पावती, क्ष-किरण चित्र व डॉक्टरांचा अहवाल जपून ठेवावा. हेल्मेट फेकून देऊ नये. आघात कोठे झाला हे डॉक्टरांना त्यावरून कळू शकते, आणि दाव्यालाही ते उपयोगी पडते.

वरील सहा प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर कोणतीही कंपनी देत नाही. ज्या घरात ऐंशीची आई आधीच पलंगावर आहे आणि तिचे सारे करणारा मुलगाच ट्रॅकवर निघाला आहे, तेथे हा प्रश्न दोन माणसांच्या शुश्रूषेचा होतो. अशा वेळी त्याने जाऊ नये, असे कोणी म्हणू नये. शुश्रूषा करणाऱ्यालाही चार दिवस स्वतःचे हवेतच. पण त्या चार दिवसांसाठी आणि गरज पडल्यास पुढच्या चार महिन्यांसाठी आईजवळ कोण असेल, त्या व्यक्तीचे नाव आणि तिचा होकार, दोन्ही त्याने निघण्यापूर्वी मिळवावेत. तिकीट काढण्याआधी करायचे हे काम आहे.